जांच नापास म्हणते

मले राग लवकर येते. आई म्हणते, तुळसा, राग तुझ्या नाकावरच बसला असते. एकोणनव्वदच्या भादव्यात त्या दिवशी मी धरणाच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर दातओठ खात बसली होती, आणि राग होता तो मीच लिहिलेल्या प्रोग्रामवर.

धरणाची पातळी टाकली की किती दरवाजे उघडायचे, ते आमचा मोठा प्रोग्राम सांगायचा. पाणी फार चढलं की तो एकदम सगळेच दरवाजे उघडायले लावे, आणि खालच्या गावची नदीकाठची वस्ती बुडे. तिथंच माझ्या आईचं मातीचं घर. बाबा गेल्यावर तिनं एकटीनं उभं केलेलं. म्हणून मी उन्हाळाभर बसून एक बदल तयार केला. दरवाजे हळूहळू उघडायचे, पाणी वस्तीत शिरूच द्यायचं नाही.

पण एक नियम होता, आणि तोही मेला माझाच. कोणताही बदल मोठ्या प्रोग्रामात घालायच्या आधी जांच चालवायची. जांच म्हणजे वेगळा प्रोग्राम. तो आधीचे सगळे पूर नव्या बदलातून चालवून पाही आणि पडद्यावर लिही, पास किंवा नापास. माणसाचं मत तो विचारतच नसे.

सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. पाणी चढून राहिलं होतं. मी जांच लावली. पास, पास, पास, आणि शेवटच्या पुरावर नापास. तो पूर जुना, धरणाच्या वरच्या अंगाचे मातीच्या पाळीचे मालगुजारी तलाव एकामागून एक फुटले होते तेव्हाचा. तसं पाणी आलं तर माझे हळूहळू उघडणारे दरवाजे पुरणार नव्हते. पाणी धरणाच्या भिंतीवरून गेलं असतं.

"असा पूर पुन्हा कायले येते?" डोमा म्हणाला. दरवाज्यावरच्या लोकांले वायरलेसवर हुकूम सांगायचं काम त्याचं. "तुळसाबाई, तेवढा एक पूर जांचेतून काढून टाका. मंग पास होते. आईचं घर वाचते."

वस्तीतल्या लोकांले जीपनं शाळेत नेणं सुरू होतं. माणसं वाचणार होती, घरं नाही.

मी तो पूर काढला. खरंच काढला. पडदाभर पास आलं. आता एक कळ दाबली की बदल मोठ्या प्रोग्रामात.

आणि तलाव फुटले तर? भिंत गेली तर शाळाही जाईल, शाळेतली आईही जाईल, खालची सगळी गावं जातील. आपलं घर मधे आलं की आपली नजर फिरते, हे माहीत होतं म्हणून तर मी ती जांच लिहिली होती.

मी पूर परत घातला. नापास. पडद्याले तोंडभर शिव्या दिल्या आणि जुनाच प्रोग्राम चालवला.

"सगळे दरवाजे," मी म्हटलं. डोमानं माझ्याकडे पाहिलं आणि वायरलेस उचलला.

पाणी ओसरल्यावर आई माझ्या क्वार्टरवर आली. चिखलात सापडलेला पाटा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. घराचं तेवढंच उरलं होतं.

"पानी कोनं सोडलं?"

"मी सोडलं. वरचे तलाव फुटले असते तर भिंत गेली असती."

ती पाट्यावरचा चिखल नखानं काढत राहिली.

"वरचे तलाव फुटले का मंग?"

"नाही, आई. एकही नाही फुटला."

मले वाटलं, आता रडते, नाहीतर मले धरून मारते.

"बरं झालं," ती म्हणाली. "तिकडं बी लोकं राह्यतात." मग पाटा माझ्यापुढं सरकवला. "हा कुठं ठेवू? तुह्या इथं जागा हाये का?"