तीस हजार एकतीस

खणकन आवाज झाला. निथळत ठेवलेल्या वाट्यांमधली एक आपसूक घसरली होती. मी श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने ओठ मुडपले आणि ते पुन्हा झोपून गेलं. घडी घालायच्या कपड्यांचा ढीग बाजूला सारून मी राहिलेला भागाकार पुढे ओढला.

आकडा लेकीचा. बाळ आल्यापासून घरात सगळ्याचे दोन वाटे होतात, माझ्या मांडीचेसुद्धा. मागच्या आठवड्यात ती फुरंगटून म्हणाली, "कुणाला वाटताच येणार नाही असा आकडा दे मला. मोठ्ठा. माझ्या एकटीचा."

मी शिकवण्या घेणारी बाई. म्हटलं, त्यात काय एवढं! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्यांचा गुणाकार केला आणि वर एक मिळवला. तीस हजार एकतीस. यांतल्या कशानेही भागा, एक उरतोच. "घे, हा तुटत नाही," मी ठसक्यात सांगितलं. तिने तो दप्तरावर लिहिला, झोपताना उशीवर बोटाने गिरवला. तिचे बाबा चिडवायचे, "काय हो तीस हजार एकतीस, जेवायला येताय ना?" की बाईसाहेब ऐटीत यायच्या.

पण तेराच्या पुढचं मी तपासलंच नव्हतं. बाळाला पाजताना ते मनात आलं आणि चैन पडेना.

पडदा हळूहळू फुगत होता, पुन्हा सपाट होत होता. डोळे जड झाले. तो आकडा मला एखाद्या लांबलचक इमारतीसारखा दिसायला लागला, सगळ्या खिडक्यांत मंद उजेड, आणि मी एकेक दार ठोठावत चाललेली. सतरा, एकोणीस, तेवीस. सगळीकडे काहीतरी उरत होतं. त्रेपन्नचंही दार उघडलं नाही.

एकोणसाठचं उघडलं. आत पाचशे नऊ. बाकी काहीच नाही.

गप्प बसता आलं असतं. एकोणसाठने भागून बघायला तिला कितीतरी वर्षं लागली असती. पण शाळेतून आल्या आल्या तिने दप्तर नीट उभं ठेवलं, आकडा दिसेल असं, आणि मला राहवेना.

"तुझा आकडा तुटतो गं. मी नीट बघितलं नव्हतं."

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे हापण वाटायचा?"

मी एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ लिहिलेला कागद पुढे केला. तिने ओठ हलवत, हातचे धरत स्वतः गुणाकार केला. उत्तर तीस हजार एकतीसच आलं.

"आणि हे दोघं? हे तुटतात?"

"नाही. या खेपेला सगळं तपासलंय."

बाळ जागं होऊन माझ्या खांद्यावर आलं होतं. ती माझ्या गुडघ्याला टेकून बसली. दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "आई, वेगवेगळे होते तेव्हा यांना माहीत होतं का गं, की आपण मिळून हा होणार आहोत?"