गुणवंतांच्या खोलीतली बुटकी तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे. तीन पाय, गोल बैठक आणि पाठ टेकायला काही नाही. उंची विचारू नका मित्रांनो, मोठे माणूस माझ्यावर बसले की त्याचे गुडघे त्याच्या छातीशी गप्पा मारायला येतात. तरीही या महाविद्यालयातली हुशार मुले माझ्यावर बसायची पाळी कधी येते याची वाट पाहतात. ही फुशारकी वाटेल, पण जे आहे ते आहे.

जन्मतः मी बुटकी नव्हते. सुताराने मला चांगली उंच घडवली होती, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी. माझ्यासारख्या बहिणींची रांगच्या रांग होती तिथे. मुले आमच्यावर बसून या नळीतले त्या नळीत ओतायची आणि रंग बदलला की स्वतःवरच खूश व्हायची. एकदा एकाच्या हातून आम्लाची बाटली निसटली. सगळे आपापले बूट वाचवायला पळाले आणि माझा पाय राहिला तिथेच. टोकाला तो काळा पडून भुसभुशीत झाला.

सुताराने खराब भाग कापला. मग बैठक कलती दिसू लागली म्हणून दुसरा पाय कापला, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. हे बराच वेळ चालले. अखेर मी सरळ उभी राहिले खरी, पण टेबलापर्यंत पोचेना. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे कोळी सोडले तर माझ्यावर कोणी बसत नव्हते.

मग महाविद्यालयात गुणवंत विद्यार्थी योजना सुरू झाली. दर वर्षी मोजकी मुले निवडायची, त्यांची फी माफ करायची, आणि त्या बदल्यात त्यांनी मिळून एक चांगले काम वर्षभर चालवायचे, अशी ती योजना. ती भूगोलाच्या मॅडमकडे होती. पहिल्याच बैठकीला एक खुर्ची कमी पडली. इतक्या गुणवंतांपैकी एकालाही खुर्च्या मोजायचे सुचले नव्हते. शेवटी अडगळीतून मला आणले, आणि त्या दिवशी बैठक चालवणारा मुलगा मुकाट्याने माझ्यावर बसला. सगळ्यांकडे मान वर करून पाहावे लागत असल्यामुळे तो बिचारा बोलला कमी आणि त्याने ऐकले जास्त. मॅडमना ते इतके आवडले की त्यांनी तोच नियम करून टाकला. बैठक चालवील तो तिपाईवर बसेल आणि सगळ्यांचे बोलून झाल्यावर बोलेल.

तेव्हापासून कितीतरी मुले माझ्यावर घडली. काही येताना इतकी लाजरी असायची की अर्ध्याच बैठकीवर टेकायची, आणि वर्ष संपताना ऐसपैस बसायची. तोंड ठामपणे बोलत असले तरी गुडघे थरथरत असतील तर ते मला कळते. पण आजवर ज्या मुलीने मला सगळ्यात जास्त छळले आणि जिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, ती वेगळीच होती. तिला सगळे एक्स्प्रेस म्हणायचे.

त्या वर्षीची प्रमुख तीच, पण एक्स्प्रेस माझ्यावर बसायचीच नाही. उभ्या उभ्या बैठक चालवायची आणि एक पाय माझ्यावर ठेवायची, तोही बुटासकट. दुसऱ्याचे वाक्य अर्धे झाले की हिचे उत्तर तयार. मॅडम कधी माझ्याकडे बोट दाखवायच्या, तर ती म्हणायची, "हो मॅडम, बसतेच," आणि फळ्याकडे पळायची. मनातून मी फार चिडत असे.

पण तिचे काम मनापासून होते, हे मात्र मान्य करायला हवे. आमच्या खोलीत संध्याकाळी आसपासच्या शाळकरी मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायची कल्पना तिचीच. तिच्या स्वतःच्या घरी एकच खोली, त्यात भावांचा टीव्ही आणि आत्याचे शिवणयंत्र. म्हणून ती इमारतीच्या जिन्यात बसून शिकली होती. येणारे-जाणारे ओलांडून जायचे, पुस्तकावर चपलांची धूळ पडायची. "एकाही पोराला जिन्यात बसून अभ्यास करावा लागू नये," असे ती पहिल्या बैठकीत म्हणाली. प्राचार्यांनी खोली वापरायला दिली, पण कच्च्या बोलीवर. त्यांना ती जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती.

अभ्यासिका सुरू झाली आणि एक्स्प्रेसने सगळे अंगावर घेतले. कुलूप ती उघडणार, बाके ती लावणार, गणित ती शिकवणार, आणि कोणी हूं की चूं केले तर "शांतता" असे ओरडून शांतता तीच मोडणार. बाकीचे गुणवंत मदतीला यायचे आणि दाराशी पाहुण्यासारखे उभे राहायचे. "झालं, मी करते ते," हे तिचे पालुपद होते.

मग व्हायचे ते झाले. एका संध्याकाळी तिची प्रयोगाची परीक्षा लांबली आणि किल्ली तिच्याच पिशवीत राहिली. मी खोलीत, कुलपाच्या आत होते, त्यामुळे मला नुसते ऐकू येत होते. बाहेर मुलांचा गोंगाट वाढत गेला, कोणीतरी दार वाजवू लागले, आणि तेवढ्यात प्राचार्यांचा आवाज आला.

"इथे जबाबदार कोण आहे?"

"सर, ती परीक्षेला गेलीये," एक गुणवंत म्हणाला. "किल्ली तिच्याकडेच असते."

"आणि तुम्ही इतके जण काय करता? नुसतं कुलूपच सांभाळायचं तर शिपाई आहे माझ्याकडे. महिनाअखेर मी परत येईन. तेव्हाही असंच दिसलं तर या खोलीत गठ्ठे येतील."

मुले घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. एक्स्प्रेस नेहमीसारखी उभी, पाय माझ्यावर. डोळे मात्र सुजलेले. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी उपाय काढलाय. उद्यापासून दोन किल्ल्या. एक माझ्या पिशवीत, एक माझ्या खिशात."

वहिनींना हसू आवरेना. या मधे शिक्षण सुटल्यावर पुन्हा महाविद्यालयात आलेल्या, एका मुलाची आई. वर्ग त्यांना वहिनीच म्हणायचा. "अगं, दोन्ही तुझ्याचकडे? तूच अडकलीस तर दोन्ही अडकतील की." सगळेच हसले. एक्स्प्रेसचा चेहरा पडला.

"आधी बस," मॅडम म्हणाल्या. एवढेच.

आणि मित्रांनो, ती बसली. माझ्यावर तिचा पूर्ण भार पहिल्यांदा आला. आजूबाजूला सगळे तिच्यापेक्षा उंच झाले. तिने वर पाहिले आणि विचारले, "मग काय करू या?" कोणीच बोलेना. तिचा गुडघा उडत होता. तीन वेळा तिने तोंड उघडले आणि तिन्ही वेळा मिटले. तिला ती शांतता किती जड गेली, ते मला ठाऊक आहे.

शेवटी आमचा मौनीबाबा बोलला. वर्षभरात त्याने 'हजर' सोडून फारसे काही म्हटले नव्हते. "लहान मुलं हल्ली खोलीत थांबत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना मोठ्यानं वाचायचं असतं. पाठांतर असतं. तू ओरडतेस म्हणून ती बाहेर जातात."

"बाहेर कुठे?"

"आपल्या जिन्यात. पायऱ्यांवर बसून वाचतात."

एक्स्प्रेसचा गुडघा थांबला. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा आलो होतो. तू म्हणालीस, झालं, मी करते ते."

ती रडली. लपवून वगैरे नाही, सरळ रडली. मलाही वाईट वाटले, पण खरे सांगते, बरेही वाटले. कारण नाक पुसून झाल्यावर ती उठली नाही. तिने पुढच्याला विचारले, मग त्याच्या शेजारच्याला. कोणाला बाके कशी लावायची ते चांगले कळत होते, कोणत्या मुलांच्या आया कारखान्यातून उशिरा सुटतात ते वहिनींना माहीत होते आणि त्या मुलांसाठी दार उशिरापर्यंत उघडे ठेवायला हवे होते. किल्ल्या वाटल्या गेल्या. मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी खिडकीजवळचा कोपरा ठरला आणि तो सांभाळायला कोण, तर मौनीबाबा. त्याच्यासारखा ऐकणारा दुसरा होता कुठे?

"आणि मी काय करू?" एक्स्प्रेसने शेवटी विचारले.

"पेन्सिलींना टोकं," वहिनी म्हणाल्या. "रोज निम्म्या मुलांची पेन्सिल मोडलेली असते."

पहिले काही दिवस तिची नुसती तगमग झाली. बाके वाकडी लागली की हात शिवशिवायचे. एकदा तिने हळूच जाऊन एक बाक सरळ केलेही. पण जिन्यातली मुले परत आली. खोली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणू लागली. जे इतके दिवस नुसते दाराशी उभे राहत होते, ते गुणवंत आता आपापसांत भांडून, हसून कामे वाटून घेऊ लागले. मी तर दर संध्याकाळी कामावर असे, पेन्सिलींच्या विभागात.

महिनाअखेरीस प्राचार्य आले. "इतका आवाज का?" त्यांनी दारातच विचारले. मौनीबाबा पुढे झाला आणि त्याने पाठांतराचा कोपरा सलग चार-पाच वाक्यांत समजावून सांगितला. दार कोण उघडते ते वहिनींनी सांगितले. प्राचार्य बाकांमधून हिंडले, एका मुलाच्या वहीत डोकावले, आणि म्हणाले, "ठीक आहे. खोली राहू दे तुमच्याकडे. गठ्ठ्यांचं बघू काहीतरी." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "पण ती तुमची प्रमुख कुठे आहे? मागच्या वेळी सगळे तिचंच नाव घेत होते."

ती माझ्यावर बसली होती, त्यांच्यापासून दोन हातांवर. समोर दात पडलेली एक चिमुरडी उभी होती. प्रश्न ऐकताच एक्स्प्रेसच्या टाचा उचलल्या गेल्या, सगळा भार चवड्यांवर आला. आता ही उठणार, असे मला वाटले. वर्षभराची धावपळ, ते रडणे, सगळे तिच्याच तर नावावर होते.

"ताई, अजून बोथटच आहे," चिमुरडी म्हणाली.

एक्स्प्रेसने टाचा परत खाली टेकल्या आणि पेन्सिल फिरवू लागली.

"असेल इथेच कुठेतरी," वहिनी प्राचार्यांना म्हणाल्या.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. माझा एक पाय आता सांध्यात सैल झाला आहे, त्यात वेळेवर पाचर ठोका म्हणजे झाले. आणि माझ्यावर पाय ठेवून उभे राहू नका. बसा. त्या संध्याकाळी ती टाचा टेकून पुन्हा बसली, तेव्हा तिचा भार मला पहिल्यांदाच हलका वाटला.