शेळीची खुरं

मक्याच्या सऱ्या पुन्हा आडव्या झाल्या, तेव्हा सुनीलनं ठरवलं की दिवाळीच्या सुटीत सगळे घरी आहेत तोवर डुकराचा बंदोबस्त करायचा. धाकटा अंगद सुप्याच्या कारखान्यातून सुटी काढून पोराला घेऊन आला होता. सामाईक बांधावरून दोघा भावांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. आता लक्ष्मीपूजनाला दोघं एका पाटावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी सुनीलच आपणहून म्हणाला, "अंगद, येतो का शिकारीला?"

त्यांच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, माळ्यावरची वाघूर खाली काढली. जाड सुताचं ते जाळं अंगणात पसरलं आणि उंदरांनी कुठं कुठं कुरतडलंय ते नातवंडांना शोधायला लावलं. अंगदचा पार्थ भोकं दाखवायचा आणि सुनीलची संस्कृती तिथं गाठ मारायची.

"फोटो काढायचा न्हाई, कुणाला पाठवायचा न्हाई," सुनीलनं सगळ्यांना बजावलं. "कायदा हाय."

"कायद्यात बसत न्हाई तर जाता कशाला?" साळूबाई आतून म्हणाल्या. "आन् ते मटण माझ्या चुलीवर चढायचं न्हाई, आधीच सांगते. मळ्यात शिजवा, मळ्यातच भांडी घासा."

"आई, वास घ्यायला तरी ये."

"वास तुमच्या अंगाला येतोच की."

अंगद हसला, सुनीलही हसला. आप्पासाहेब खाली मान घालून गाठ आवळत राहिले.

सकाळी ऊन वर यायच्या आत सगळे निघाले. माग काढणारा पुढं आणि वाघूर मागं, अशी रीत होती. म्हणून आप्पासाहेब आणि संस्कृती पुढं चालले होते. सुनील, अंगद, पार्थ आणि दोन कुत्री हाकेच्या अंतरावर मागून येत होती.

पोरीला माग वाचायची गोडी आप्पासाहेबांनीच लावली होती. ते कधी उत्तर सांगत नसत. काठीनं जागा दाखवायची आणि गप्प राहायचं. ती चुकली तरी घाई करायची नाही. पार्थसारखी चुळबुळ ती करत नसे, आणि म्हणून तिला शिकवताना त्यांना वेगळाच आनंद व्हायचा.

"हे कुनाचं?"

संस्कृती उकिडवी बसली. "डुकराचं."

"कशावरून?"

"शेळीचं आसतं तर नुसत्या दोन पाकळ्या उठल्या आसत्या. हितं मागं दोन टिकल्या हायेत, बाजूला फाकलेल्या. आन् कडा वाळल्या न्हाईत. पहाटंच गेलंय."

"शाब्बास."

ती उठली आणि चालता चालता म्हणाली, "आप्पा, डुकरीण आसली तर?"

"एकटी आसली तर धरायची. पिल्लंवाली आसली तर वाघूर गुंडाळायची आन् घरी जायचं. माझ्या बापापास्नं तसंच चालत आलंय. माग काढणारा म्हणला पिल्लं हायेत, की बाकीच्यांनी इचारायचं सुदिक न्हाई."

"आन् मका?"

"मका पुन्हा राखायचा. डबं वाजवायचं."

ओढ्याच्या काठी ओल होती. तिथं मोठ्या खुरांच्या दोन्ही बाजूंना बारकी खुरं उठली होती. करंगळीच्या पेराएवढी, एकमेकांवर चढलेली, आणि प्रत्येकामागं दोन बारीक टिकल्या. आप्पासाहेबांना ती संस्कृतीच्या आधी दिसली.

त्याच वेळी मागून अंगदचा आवाज आला. तो सुनीलची नक्कल करत होता. लहानपणी सुनील डुकराला घाबरून बोरीवर चढला होता आणि काटे टोचल्यावर रडला होता, ती गोष्ट तो पार्थला सांगत होता. "आरं, बोरीवर न्हाई, बाभळीवर!" सुनील ओरडला, आणि दोघांचं हसू ओढ्यात घुमलं. वाघुरीचं एक टोक एकाच्या खांद्यावर होतं आणि दुसरं दुसऱ्याच्या.

"आप्पा," संस्कृती म्हणाली, "ही बारकी कुनाची?"

"शेळीची."

"पण मागं टिकल्या हायेत."

"चिखलात शेळीच्या पण उठतात."

ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि उठली.

ओढा जिथं अरुंद होतो तिथं त्यांनी वाघूर लावली. पलीकडच्या वेड्या बाभळीत कुत्री घातली. पार्थनं पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली, संस्कृतीनं आरोळ्या ठोकल्या. डुकरीण बाहेर यायला फारसा वेळ लागला नाही. ती सरळ आली आणि जाळ्यात गुरफटली. सुनीलनं कुऱ्हाड चालवली, अंगदनं काठीनं तिला दाबून धरलं. दोघं एकमेकांना ओरडून सांगत होते, सांभाळ, पाय सांभाळ. ती बराच वेळ ओरडत होती. मग थांबली.

तेव्हा बाभळीतून पिल्लं आली. पाच-सहा असतील. अंगावर तपकिरी पट्टे. त्यातलं एक थेट वाघुरीपाशी आलं आणि जाळीच्या भोकातून आईच्या पोटाला तोंड लावू लागलं.

"आप्पा, बघा ना! खारीसारखे पट्टे आहेत!" पार्थनं आनंदानं उडी मारली. त्याच्या आवाजानं पिल्लं पांगली. कुत्री मागं धावली, अंगदनं शिव्या देत त्यांना आवरलं.

सुनील कुऱ्हाड हातात धरून उभा होता. त्यानं आप्पासाहेबांकडं पाहिलं आणि पुन्हा डुकरिणीकडं.

संस्कृती पिल्लं पळाली तिकडं गेली होती. ती ओल्या मातीवर वाकली, तिनं पिल्लांची खुरं बघितली आणि ती परत आली.

मळ्यात, आंब्याखाली वाटे पडले. शिकारीला आलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, मग तो म्हातारा असो नाहीतर पार्थएवढा. कुत्र्यांनाही एक वाटा. आणि काळीज माग काढणाऱ्याला. अंगदनं ते ताटलीत घालून संस्कृतीपुढं धरलं. "घ्या मॅडम. नाव काढलं पोरीनं."

तिनं हात पुढं केला नाही. "मला नको. मी चुकले."

"चुकली कशी? बरोब्बर नेऊन सोडलं की आमाला."

"पिल्लं कळली न्हाईत मला. माग दिसला हुता. मला शेळीची वाटली." तिचे कान लाल झाले होते. "माझ्यामुळं मेली ती."

"आगं, पाचवीतली पोर तू," सुनील मऊ आवाजात म्हणाला. "चुकायचंच. पुढच्या वेळी कळंल."

आप्पासाहेब चुलीला लाकूड सारत होते. पोरीनं त्यांच्याकडं पाहिलंही नव्हतं. तिनं सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि घेतलं ते त्यांना वाचवायला नव्हे. तिला खरंच तसं वाटत होतं. आजोबा चुकणार नाहीत, म्हणजे चिखल वाचण्यात आपणच कमी पडलो. ते गप्प राहिले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. ताटलीतलं काळीज कुत्र्यांना गेलं असतं आणि पोर रात्री जेवून झोपली असती.

"ती न्हाई चुकली," ते म्हणाले. "तिनं मला बरोबर इचारलं हुतं. मीच शेळीची हायेत म्हणून सांगितलं. मला दिसलं हुतं पिल्लांचं हाय ते."

लाकूड तडतडलं.

"आप्पा, तुमी नुसतं म्हणला आसता तरी वाघूर गुंडाळली आसती आमी," सुनील म्हणाला.

"गुंडाळली आसती. म्हणूनच न्हाई म्हणलो."

"पण का?"

दोघं भाऊ दोन वर्षांनी एकाच पोत्यावर बसले होते, एकाच तंबाखूच्या पुडीतली तंबाखू मळत. आप्पासाहेबांना ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर ते त्या दोघांच्या माथी मारल्यासारखं झालं असतं.

"जाऊ द्या हो," अंगद म्हणाला. "डुकीरच हाय. मका तर वाचला."

संस्कृती उठून विहिरीकडं गेली.

आप्पासाहेब बऱ्याच वेळानं तिच्या मागं गेले. ती मोटारीच्या पाइपावर बसली होती. ते थोडं लांब, दगडावर टेकले.

"चिखलात शेळीच्या टिकल्या उठतात, ते खरं का खोटं?" तिनं वर न बघता विचारलं.

"लई गाळ आसला तर उठतात. तिथं तेवढा न्हवता."

"तरसाचा पुढचा पाय मोठा आसतो?"

"खरं."

"टिटवी उघड्यावर अंडी घालती?"

"खरं. तू बघितलीत."

"आपला मोत्या कुत्रा धनगराच्या मेंढरांमागं गेला म्हणला हुता, ते?"

आप्पासाहेबांनी काठी मांडीवर आडवी धरली. "न्हाई. बिबट्यानं नेला. त्याच्या गळ्यातला पट्टा मला उसात सापडला."

संस्कृती आता त्यांच्याकडं वळली. "मी आजून परत्येक कळपात बघती त्याला. धनगर आलं की रस्त्यावर पळती."

"मला म्हायती हाय."

"म्हायती हाय?"

मळ्यातून फोडणीचा वास येत होता. पार्थ कुणाला तरी पट्ट्यांचं सांगत होता, पुन्हा पुन्हा, हातवारे करून.

"आता एकच इचारते," संस्कृती म्हणाली. "ती पिल्लं जगतील का?"

दुसऱ्या कुठल्याही लेकराला ते म्हणाले असते, जगतील बाळा, दुसरी डुकरीण घेती जवळ. तसं कधीमधी होतंही. ओठावर ते आलंच होतं. पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, मघाशी चिखलाकडं बघत होती तशी.

"न्हाई," ते म्हणाले. "दुधावरची हायेत. दोन-चार दिस फिरतील ओढ्यात. मग न्हाई."

तिचा चेहरा मोडला. ती रडू लागली, हुंदके देऊन, पण उठून त्यांच्याजवळ आली नाही. आप्पासाहेबांचा हात पुढं होऊन मधेच थांबला. तो त्यांनी परत घेतला आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथंच दगडावर बसून राहिले.