शेवटची दाढी

वस्ताद म्हणजे वस्ताद. सलूनच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण ते कुणी वाचलं असेल तर शपथ. त्याने वस्तरा हातात घेतला की गिऱ्हाईक खुशाल डोळे मिटायचं. एखादं घाबरून आखडलंच, तर हा कानाशी म्हणायचा, "मान सोडा, साहेब. आखडलात तर तुमचा गाल कापेल आणि नाव माझं खराब होईल."

चर्चच्या मंडळीत कुणी वारलं, की शवपेटीत ठेवण्याआधी दाढी करायलाही त्यालाच बोलावणं यायचं. मग प्रार्थनाही तोच करी, इतकी लांबलचक की लहान पोरं पेंगायची. सगळा भार प्रभूवर टाका, असं तो रडणाऱ्यांना सांगे. स्वतःचा भार मात्र त्याने जन्मभर आपल्या उजव्या हातावर टाकला होता.

गेल्या वर्षी तोच हात थरथरायला लागला. हे थांबणार नाही, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. वस्तादने सलूनला कुलूप ठोकलं आणि बाहेर पाटी अडकवली : दुरुस्तीसाठी बंद. दुरुस्ती कसली, हे बायकोलाही धड सांगितलं नाही. चर्चमध्ये हात खिशात घालून बसायला लागला. घरी दार लावून प्रार्थना केल्या, उपास केले, देवाशी भांडून पाहिलं. देव ढिम्म हलला नाही, आणि हात काही हलायचा थांबला नाही.

एक दाढी तेवढी त्याने सोडली नव्हती, थोरल्या भावाची. दादा अंथरुणाला खिळलेला, नजरही अधू झालेली. त्याला काय दिसणार, असा याचा हिशेब. "मला गबाळ्यासारखं पेटीत घालू नका," दादाने बजावलं होतं. "शेवटची दाढी तूच करायची." वस्ताद हो म्हणाला होता. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आज पहाटे दादा गेला. बाहेरच्या खोलीत माणसं जमली होती आणि आतल्या खोलीत, दार लोटून, वस्ताद भावापाशी एकटा उभा होता. फेस लावून झाला. वस्तरा उघडला, तर पातं पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखं वळवळायला लागलं.

"प्रभू, पुढे जन्मभर लुळा ठेव," तो पुटपुटला. "एवढी एक दाढी होऊ दे."

तो थांबला. पुन्हा मागितलं, पुन्हा थांबला. मग डाव्या हाताने उजवं मनगट दाबून त्याने वस्तरा गालाला टेकवला आणि गाल कापला. रक्त आलं नाही. ते आलं नाही हे तो पाहत राहिला. तो खाटेच्या कडेला बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला. वर कुणी नाहीच, असं त्याला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं.

वहिनी गरम पाणी घेऊन आत आली. तिने गाल पाहिला, मग त्याचा हात.

"दादाला सांगू नकोस," तो म्हणाला, आणि काय बोललो हे कळून शरमला.

"त्यांना ठाऊक होतं, भावजी. मागच्या खेपेला तुम्ही कानाखाली कापलंत ना? मला म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस."

"मग शेवटची दाढी मलाच का सांगितली त्याने?"

"मला काय माहीत? तुम्ही विचारायचं होतं."

तिने भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं. तो आखडला.

"मी देवाकडे माझा हात मागितला होता," तो चिडून म्हणाला. "तुझे नव्हे."

"आता माझेच आहेत. हात सोडा. मी धरते."

हात सोडणं त्याला जमेना. कोपर ताठ, खांदा ताठ. शेवटी दमला म्हणूनच सुटला. मग तिने मनगट धरायचं, त्याने कुठून कुठे ते सांगायचं, अशी ती दाढी झाली. हनुवटीखाली खुंट राहिले. सलूनमध्ये अशी दाढी कुणी केली असती तर त्याने घरी हाकलला असता. वस्तरा मिटायलासुद्धा वहिनीच लागली.

कबरीपाशी पाळकांनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे पाहिलं. वस्ताद पुढे झाला आणि हात खिशातून बाहेर काढला. सगळ्यांना दिसला. दादा परत येणार नव्हता, हात बरा होणार नव्हता, आणि तोंडपाठ शब्दांतला एकही त्याला आठवत नव्हता.

"प्रभू," तो म्हणाला, "धर."

लोक पुढच्या प्रार्थनेची वाट पाहत राहिले. पुढे काही नव्हतं. आधी वहिनी आमेन म्हणाली, मग बाकीचे.