उंटाच्या रंगाचा कोट

ऑगडनचा डावा डोळा सुजून मिटला होता, बरगडीत कळ मारत होती आणि डोकं भयंकर तापलं होतं. काल मॉन्कच्या माणसांनी गल्लीत गाठून त्याला बडव बडव बडवलं होतं. केस सोड, म्हणे! मंगळवारी सकाळी नऊला नेड शोरॉक फासावर जाणार होता, आज शुक्रवार, आणि हे म्हणे सोड!

कापडगिरणीचा रखवालदार नेडनं मारला, असा कोर्टाचा निकाल. मारला होता सेसिल मॉन्कनं, पण ऑगडनच्या हातात पुरावा नव्हता. खाजगी गुप्तहेराचं ऐकतो कोण? मनात एकच गोष्ट रुतली होती. महायुद्धानंतर लंडनहून येऊन मॉन्कनं इथे बिलियर्डचा अड्डा थाटला, तेव्हापासून त्याच्या अंगावर उंटाच्या रंगाचा भारी कोट असायचा. रखवालदार मेला त्या दिवसापासून तो कोट कुणाला दिसला नव्हता.

गिरणीच्या फाटकात त्यानं नेडच्या बहिणीला, एल्सीला गाठलं.

"जेवणाच्या सुट्टीत फिश-चिप्सच्या रांगेत उभी राहा, पोरी. समोरच्या टेलिफोनच्या काचेच्या खोक्यावरची नजर हलवायची नाही."

"आणि तुम्ही?"

"माझा एकच डोळा धड आहे, त्यालाही चष्मा लागतो. आणि चष्मा काल फुटला."

मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून हॅसलशॉ गावच्या विणकर बायका समोरच्याचे ओठ वाचतात. रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला, आवाज न करता, अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढतात. इथला माणूस त्यांच्यासमोर तोंडावर हात धरल्याशिवाय खाजगी बोलत नाही. मॉन्क इथला नव्हता.

बाराला ऑगडन अड्ड्यात शिरला.

"अजून जिवंत? चिवट आहेस," मॉन्क म्हणाला.

"तुझा कोट सापडला. रक्तासकट. एक वाजता पोलीस येतायत. तुझ्या फोनवरही त्यांचे कान आहेत, जपून बोल."

"थापा मारू नकोस."

"मग बस निवांत. चहा घे."

थापच होती ती. बाहेर येऊन तो रांगेत एल्सीजवळ भिंतीला टेकला. पाच मिनिटांत मॉन्क आलाच. खोक्यात शिरून त्यानं दार ओढून घेतलं आणि रस्त्यावर नजर ठेवायला काचेकडे तोंड करून उभा राहिला.

"बर्ट," एल्सी मॉन्कचे ओठ वाचून पुटपुटू लागली, "तो कोट जाळलास ना... आता नुसता ऐकतोय... नाही? नाही जाळलास? गाढवा! त्या खुळ्याची मान मंगळवारी मोडतेय, आणि तू माझी..."

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिनं ते पुसले नाहीत. पापणी लवली असती तर एक शब्द हुकला असता.

"पोरी, डोळे पूस..." ऑगडन म्हणाला.

"गप्प बसा हो!" ती डोळे फाडून बघत होती. "चांगला होता म्हणून ठेवलास? कुठे?... कबुतरखान्यात? खालच्या फळीखाली? मी येईपर्यंत हात लावू नकोस."

मग तिनं डोळे मिटले.

"कबुतरखान्यात," मागच्या तिघी बायका एका सुरात म्हणाल्या. "आम्हीपण बघितलं. मेल्याचं वाटोळं होवो!"

दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे अंगावरच्या कपड्यालाही रेशनची कुपनं लागायची. मॉन्कचा माणूस बर्ट त्या हालात दिवस काढलेला, त्याच्यानं असा कोट जाळवला नाही. ऑगडननं चारही बायकांना चिप्ससकट पोलीस ठाण्यात नेलं आणि सार्जंट हलेपर्यंत टेबलावर मूठ आपटत राहिला. मॉन्क बर्टच्या कबुतरखान्याशी पोचला तेव्हा कोट सार्जंटच्या हातात होता. बाहीवर रक्त, खिशात रखवालदाराच्या किल्ल्या!

रविवारी एल्सी तुरुंगात गेली. भावाबहिणीमध्ये जाड काच होती.

"परवानगीचा सरकारी कागद आलेला नाही," पहारेकऱ्यानं बजावलं. "खटल्याबद्दल एक शब्द कानावर आला तर भेट बंद."

"बरं," एल्सी म्हणाली.

नेड खुर्चीत बसला. दोन महिन्यांत पार वाळला होता. पण तोही विणकरणीचाच मुलगा, आईच्या ओठांवर वाढलेला. एल्सी काचेजवळ सरकली आणि आवाजाचा टिपूसही न काढता सावकाश म्हणाली, "कोट सापडला. मॉन्कला धरलं. तू घरी येतोयस."

नेडनं काचेला कपाळ टेकलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

"काय झालं याला?" पहारेकरी म्हणाला. "कुणी तर काही बोललंच नाही."