कोंडाजीचे विलायती रॉकर

आयुष्यात मी एकच चोरी केली, आणि तीही माझ्या जिवलग दोस्ताच्या मालाची. दोस्ताचं नाव कोंडाजी, गाव औंढे. मुंबई-पुणे टॅक्सी चालवायचा. मी अंबाजी. लोणावळ्यात बाजाराच्या मागं माझं गॅरेज होतं. आज तिथं चिक्कीचं दुकान आहे. मी तिकडून जायचं टाळतो.

गोष्ट सहासष्ट सालची. कोंडाजीला वेड एकच, खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा घाट न थांबता, दणक्यात चढायचा. बाकीचे टॅक्सीवाले रेडिएटरमध्ये पाणी ओतायला थांबले की हा भोंगा वाजवत पुढं. त्याच्या हट्टापायी मी जोर वाढवायला इंजिनाचं हेड तासलं, व्हॉल्व्हना कडक स्प्रिंगा घातल्या. गाडी अशी पळायला लागली की बघत राहावं! पण व्हॉल्व्ह दाबणारे आठ लोखंडी हात असतात, आम्ही त्यांना रॉकर म्हणतो, ते मी जुनेच ठेवले. नव्या स्प्रिंगांचा जोर त्यांना सोसेना. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही.

श्रावणातल्या एका दुपारी, ऐन चढावर, वळणावरच एक रॉकर तुटला आणि इंजिन बंद पडलं. रस्ता ओला, ब्रेक जुने, आत पाच माणसं. गाडी मागं घसरायला लागली. कठडा हातभर उरला तेव्हा मागच्या ट्रकच्या क्लीनरनं उडी मारून चाकाखाली दगड सारला, म्हणून वाचले सगळे. बंद गाडी ओढून माझ्याच गॅरेजात आणली.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीची बायको विठाबाई गॅरेजात आली. एरवी कधी तिथं पाऊल न टाकणारी बाई.

"भाऊजी, गाडी पळू द्या न्हाईतर रांगू द्या," ती म्हणाली. "माणूस तेवढा घरी येऊ द्या."

एवढं बोलून ती गेली.

देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावातून आणलेलं एक मोडीतलं इंजिन माझ्याकडं पडून होतं. त्याचे रॉकर घडीव पोलादाचे, जाड, काळेकुट्ट. मी त्यांची टोकं कापली, तिथं बेअरिंगमधले छोटे रोलर बसवले, म्हणजे व्हॉल्व्हवर घासण्याऐवजी टोक फिरत राहील. आठ रॉकरना बारा दिवस लागले. प्रत्येकावर लोखंडी पंचानं माझ्या नावाचा 'अं' ठोकला. कारागिराला एवढा तोरा असायचाच!

तेराव्या दिवशी कोंडाजी आला, हातात चिक्कीचा डबा. मला वाटलं, तोंड गोड करायला आलाय. कसलं काय! डब्यात आठ रॉकर, अॅल्युमिनियमचे, रोलरवाले, चांदीसारखे चमकणारे. बंगलेवाल्या एका साहेबानं दिले होते. साहेब मुंबईला मोटारींच्या शर्यती खेळायचा.

"विलायती हायेत, अंबू! उचलून बघ, कापूस हाय कापूस!"

"साहेबानं काढले कशाला मग?"

"दोन शर्यती झाल्या की बदलतो म्हनं तो."

"अरे, दोन शर्यतींत बदलायचा माल तू रोज घाटात राबवणार? त्याला पळायचंय एक दिवस, तुला पळायचंय जन्मभर!"

मी माझे पोलादी पुढं केले, तरी ऐकेना. मग मी ते आठही रॉकेलमध्ये बुडवले, कोरडे पुसले आणि वरून खडूची पूड चोळली. चीर असली की आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. सात कोरडे राहिले. आठव्यावर केसाएवढी रेघ आली.

"ओरखडा हाय त्यो," कोंडाजी म्हणाला. "तुझा माल खपंना म्हनून माझ्या मालाला नावं ठेवतोस व्हय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "जा, घाल दरीत गाडी!" असं म्हणालो मी त्याला. आजही ते शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो म्हणाला, "तू न्हाई बसवलेस तर दुसरीकडं बसवीन." आणि डबा ठेवून निघून गेला.

मी पोलादी बसवले. वर झाकण घातलं, बोल्ट आवळले. विलायती आठ डब्यात घालून माळ्यावर फेकले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो, "बसवले बाबा तुझे विलायती."

पुढची आठ वर्षं विचारू नका. बाजारात, स्टॅंडावर, देवळात, जिथं भेटेल तिथं त्याचं सुरू, "विलायती माल हाय माझ्या इंजिनात! अंबू नको म्हनत हुता!" लोक माझ्याकडं बघून हसायचे. मी दात-ओठ खात गप्प. एकदा तर खरं काय ते अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं. पण समोर विठाबाई उभी होती, हसत होती, मग गिळलं.

चौऱ्याहत्तर साली त्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आणि त्यानं गाडी विकायला काढली. शेवटचा गॅरेजात आला, खाटेवर बसला, चहा प्याला.

"अंबू, माझा डबा दे."

"कसला डबा?"

"चिक्कीचा. माळ्यावर हाय त्यो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? दुसऱ्याच म्हयन्यात तेल गळाय लागलं म्हनून खोपोलीला झाकन उघडलं. बघतो तर काळं पोलाद, अन् वर तुझा 'अं'. नको असलेला माल तू माळ्यावरच फेकतोस, ठाऊक हाय मला."

"मग आठ वर्षं गावभर बोंबलत होतास ते काय?"

"चुकलो म्हनून कुटल्या तोंडानं सांगू? तूच कधी चिडून खरं बोलशील म्हनून वाट बघत हुतो. तू बी बेनं लय चिवट!"

"राग नाही आला?"

"आला की! लय आला. झाकन लावलं, निघालो, अन् त्याच वळनावर गाडी उभी करून तुला आईबापावरनं शिव्या घातल्या. पोटभर घातल्या." त्यानं कप खाली ठेवला. "मग गिअर टाकला. अन् ध्यानात आलं, भर चढावर थांबलेली गाडी निघाली, अंबू. एक वीतबी मागं आली न्हाई."

डबा काढतो असं म्हणून मी माळ्यावर चढलो, आणि बराच वेळ खाली उतरलो नाही.