वैजनाथरावांनी परत केलेली शाल

मी एक जुनी सत्काराची शाल आहे. रंग मरून, काठ सोनेरी. काठातलं सोनं किती खरं ते विचारू नका. सोन्याचं आणि वयाचं कुणी विचारलेलं मला आवडत नाही.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कुठल्याशा यंत्रमागावर झाला. तिथे माझ्या कोपऱ्याला ‘शुद्ध लोकर’ अशी चिठ्ठी शिवली गेली. खरं तर मी तोवर मेंढी पाहिलीसुद्धा नव्हती. मेंढ्या मला पहिल्यांदा भेटल्या त्या सेनगाव तालुक्यात, आमची जीप अडवून उभ्या असलेल्या. त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

गोरेगावच्या वाटेवर मंगळवारच्या बाजाराचं एक गाव आहे. तिथे रामकिशनमामांच्या दुकानात मी उतरले. शाल, नारळ, हार, टोपी, सगळा सत्कार तिथे एकाच फळीवर मिळतो. आमच्याकडची रीत अशी आहे, की शाल खांद्यावर पडली रे पडली, की सत्कारमूर्ती हात जोडून कॅमेऱ्याकडे हसते. फोटो निघाला की शाल लगेच मागच्या माणसाच्या हातात जाते. अशा शालींनी घरातली पेटी भरली की त्या घरची सून सगळ्या पिशवीत कोंबून मामांकडे आणून देते. मामा इस्त्री करतात, करकरीत प्लास्टिकमध्ये घालतात, आणि शाल पुन्हा कोरी होते. मी अशी अकरा वेळा कोरी झाले.

काय काय खांदे पाहिले मी! एक मास्तर निवृत्त होताना इतके रडले, की डोळ्यांबरोबर नाकही माझ्याच काठाला पुसलं. एकदा एसटीच्या एका चालकाच्या खांद्यावर गेले. तीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. घामाचा वास होता त्याला, पण काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तेव्हा माणसानं आधी काहीतरी केलेलं असायचं आणि मग त्याचा सत्कार व्हायचा. पुढे क्रम उलटा झाला. मग जेसीबीनं उचलायचे हार आले आणि मी फळीच्या मागे पडले. तिथे दोन वर्षं एका पालीची आणि माझी चांगली ओळख होती.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. उमेदवार होते वैजनाथराव. माणूस सरळ, पण कुणालाही ‘नाही’ म्हणायचं झालं की त्यांना ठसका लागायचा. त्याच दिवसांत बालाजी नावाच्या पुढाऱ्यानं गावात ‘गर्जना दल’ काढलं. एका मंगळवारी त्या दलानं बाजारात गाद्या-गोधड्या शिवणाऱ्या रजियाबी पिंजारीचं शिलाई मशीन उलथवलं, आणि पुढच्या बाजारापासून तिनं इथे बसायचं नाही असं बजावलं. वर एक फ्लेक्स लावला: ‘बाजारात फक्त आपलेच!’ त्याच्यावर वैजनाथरावांचा हसरा फोटो.

दोन दिवसांनी बालाजीनं मला कोरी समजून मामांच्या दुकानातून नेलं. थेट वैजनाथरावांच्या घरी जाऊन त्यानं मला त्यांच्या खांद्यावर टाकलं. “दलाचा जाहीर पाठिंबा तुमाला!” वैजनाथराव सवयीनं हसले. फोटो निघाला आणि चहा गार व्हायच्या आत सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर पोचला.

दुपारी रजियाबी दारात आली. ओट्यावर वैजनाथरावांची आई, द्वारकाबाई, तूर निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी दोरीवर.

“भाऊ, मी मंगळवारी बसू का नको, एवढं सांगा.”

“रजियाबी, मी त्यांना बोलावलं न्हाई. ते आपलेआप आले. मनातून मी तुमच्याच बाजूनं हाव.”

“मन कुणाला दिसतं, भाऊ? फ्लेक्स दिसून राहिला रस्त्यावरून. बाजारात तुमचं मन पसरून त्याच्यावर बसू का?”

वैजनाथरावांना ठसका लागला. “आता मी उघड बोललो तर त्यांचंच नाव मोठं होईल. निवडणूक होऊ द्या. मग बराबर करतो.”

“मग तोवर लेकरांना सांगते, निकाल लागल्यावर जेवू.” ती निघून गेली.

द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. “काहून रे वैजनाथा, खोकला आला का तुला?”

“माय, शंभर-दीडशे पोरं हायत त्यांच्याकडं. मतं हायत.”

“व्हय. अन् तिच्याकडं एक मशीन हाय. तेबी वाकडं.”

सोमवारी सभा होती. वैजनाथरावांनी रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. काही बोलायचं नाही, फक्त शाल सगळ्यांसमोर बालाजीला परत द्यायची. म्हणजे दलाला समजेल, रजियाबीला समजेल आणि बाकीच्यांना काहीच समजणार नाही. मला घडी घालून ते मंचावर घेऊन गेले. बालाजी पहिल्या खुर्चीत होता. वैजनाथरावांनी घडी उलगडली आणि मला पुढे केलं.

आणि इथे त्यांच्या हातांनी दगा दिला. पंधरा वर्षं त्या हातांनी शाल धरली की ती समोरच्याच्या खांद्यावरच घातली होती. आताही तेच झालं. मी अलगद बालाजीच्या खांद्यावर जाऊन पडले. बालाजीचे हात आपोआप जोडले गेले. सूत्रसंचालक फुलसिंग मास्तर, ज्यांना कागद नसला तरी शब्द कमी पडत नाहीत, ते ओरडले, “आता वैजनाथरावांच्या शुभहस्ते बालाजीभाऊंचा यथोचित सत्कार! टाळ्या!” हलगी वाजली. फोटोवाला म्हणाला, “इकडं पाहा.” दोघांनी तिकडं पाहिलं. दोघंही हसले.

समोर बायकांमध्ये बसलेली रजियाबी उठली आणि पिशवी घेऊन चालू लागली.

द्वारकाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, “वैजनाथा! हे काय करून राहिला? वापस द्यायला गेला होता का लगीन लावायला?”

सभा हसली. वैजनाथरावांनी जाणाऱ्या रजियाबीकडे पाहिलं. मग माइक ओढून घेतला. मला वाटलं, आता ठसका लागणार. लागलाही. पण त्यांनी पाणी पिऊन पुढं बोलायला सुरुवात केली.

“हा सत्कार न्हाई. ही शाल मी वापस देऊन राहिलो.”

“म्हणजे सप्रेम भेट?” फुलसिंग मास्तरांनी मदत केली.

“सप्रेम न्हाई! मास्तर, तुमी बसा. रजियाबी, थांबा. गर्जना दलानं त्यांचं मशीन उलथवलं. त्या दलाचा पाठिंबा मला नको. फ्लेक्सवर माझा फोटो मला न इचारता लावला. इचारलं असतं तर न्हाई म्हणलो असतो...” ते थांबले. “न्हाई, खरं सांगतो. इचारलं असतं तरी गप बसलो असतो. गप बसलो म्हणूनच त्या बाईला बाजार बंद झाला. उद्या त्या त्यांच्या जागेवर बसतील. कुणी हात लावला तर ठाण्यात पहिली तक्रार माझ्या नावानं.”

बालाजीनं मला खांद्यावरून ओढून धुळीत फेकलं. “मतमोजणीला आठवण यील, वैजनाथराव,” असं म्हणून तो उठला. त्याच्यामागे पाच-सहा रांगा रिकाम्या झाल्या. द्वारकाबाईंनी मला उचललं, झटकलं आणि डोक्यावरून घेतलं.

मंगळवारी मला तशीच डोक्यावरून घेऊन त्या रजियाबीच्या मशीनजवळ येऊन बसल्या, म्हणून पुढचं मला दिसलं. बालाजी समोरच्या चहाच्या टपरीवर चार जणांना घेऊन उभा होता. वैजनाथरावही आले आणि उगाच कांद्याचा भाव विचारत तिथेच घुटमळत राहिले. तासभर एकही गिऱ्हाईक आलं नाही. मशीनच्या वाकड्या चाकावर रजियाबी नुसता हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात काखेत गादीची खोळ घेऊन एक बाई तरातरा आल्या. त्या सत्यभामाबाई, बालाजीची आई.

“रजियाबी, जावई येऊन राहिले. खोळ उसवली. मागच्या मंगळवारपासून तुमची वाट पाहून राहिले मी.” मग टपरीकडे वळून, “बाल्या, तिथं काय खांबासारखा उभा? इकडं ये, दुसरं टोक धर!”

बालाजी आला नाही. त्यानं मोबाइल कानाला लावला आणि न वाजलेल्या फोनवर बोलत बोलत निघून गेला. पण त्यानंतर मशीनला हात लावायला दलातलंही कुणी आलं नाही. चाक कुरकुरत फिरू लागलं, तशी बाकीची गिऱ्हाइकंही आली. दुपारपर्यंत रजियाबीला पाणी प्यायला उसंत नव्हती.

वैजनाथराव निवडणूक हरले. त्यांच्या पक्षातले लोक अजूनही म्हणतात, तेव्हा गप बसले असते तर निवडून आले असते. म्हणतात ते कदाचित खरंही असेल. द्वारकाबाईंना मात्र कुणी हळहळत विचारलं, की त्या सांगतात, “पडला तर पडला. बाजारात मान वर करून फिरून राहिला.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मी साधी दुकानातली शाल. फाटले तर दुसरी येईल. पण तुम्ही मोठे झालात आणि कुणी तुमच्या खांद्यावर शाल घातली, तर फोटोसाठी हसण्याआधी एकदा मान वळवा. तो हात कुणाचा आहे आणि काल तो काय उलथवून आला आहे, ते पाहा. हात तसा निघाला तर शाल उतरवा, आणि उतरवताना का उतरवली ते मोठ्यानं सांगा. आम्हा शालींना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.